चार मिनिटं हसलेल्या जजबाई

ओडील थिबोडो केंद्रीय न्यायालयात बावीस वर्षं न्यायाधीश होती आणि त्या बावीस वर्षांत तिला न्यायासनावर हसताना कुणी पाहिलं नव्हतं. अमेरिकेतल्या मेन राज्यातले वकील तिच्या माघारी तिला 'लादी' म्हणत, म्हणजे बर्फाची. तिच्यापुढे उभं राहायचं तर घसा बाहेरच खाकरून घ्यावा आणि काही विनोद सुचलाच तर तो परत गाडीत बसल्यावर करावा, असं थोरले वकील नवशिक्यांना बजावत.

खरी गोष्ट अशी होती की ओडीलला हसू आवरतच नसे. अगदी लहानपणापासून. आणि ते यायचं नेमकं नको तिथे. सात वर्षांची असताना चुलत आजोबांच्या अंत्यविधीला पाद्रीबाबांनी 'पुनरुत्थान' हा शब्द जरा जोरात उच्चारला आणि त्यांची कवळी सुटून प्रार्थनेच्या पुस्तकावर पडली. पाद्रीबाबांनी ती शांतपणे उचलून बसवली आणि पुढे वाचायला लागले. सगळ्या चर्चनं ते न पाहिल्यासारखं केलं. ओडीलला काही ते जमलं नाही. आईनं तिला कोटासकट उचलून बाहेर बर्फात नेऊन उभं केलं, तर ती तिथेही हसत होती. शवपेटी बाहेर आली तेव्हाही हसत होती. आठवडाभर आई तिच्याशी बोलली नाही.

उपाय वडिलांनी सांगितला. ते बटाटे पिकवायचे. ती वाढली त्या खोऱ्यात सगळेच पिकवायचे. काढणीला शाळांना सुट्टी असायची. ते म्हणाले, हसू यायला लागलं की मनातल्या मनात बटाट्याच्या जाती मोजायच्या. केटाडिन, केनेबेक, ग्रीन माउंटन, कॉबलर. बटाट्याला हसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आणि उपाय लागू पडला. त्याच्या जोरावर ओडील कायदा शिकली, सरकारी वकील झाली. लग्नात फादर वचनं वाचत असताना नवरीनं हळूच 'केनेबेक' म्हटलेलं आपण ऐकलं, असं तिचा नवरा जेरार्ड अजून सांगतो. न्यायाधीशपदासाठी तिचं नाव गेलं आणि सिनेटच्या समितीपुढे तिची मुलाखत झाली, तेव्हा तर कहरच झाला. एका वयोवृद्ध सिनेटरसाहेबांपुढे दुसऱ्याच कुणाचे कागद आले होते. त्यांनी तिला 'ॲडमिरल' अशी हाक मारली आणि पाणबुड्यांबद्दल तिचं मत विचारलं. ओडीलनं कॉबलरपर्यंत मोजलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि म्हणाली की पाणबुड्यांचं प्रकरण उद्या माझ्यापुढे येऊ शकतं, तेव्हा आज त्यावर मत देणं योग्य होणार नाही. सिनेटरसाहेबांनी पसंतीची मान हलवली. पुढच्या महिन्यात नेमणूक झाली. तहहयात.

घरी ती भरपूर हसायची. कोर्टात नाही, आणि त्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी तिला एका माणसाला एकोणीस वर्षांची शिक्षा सुनावावी लागली. त्याची आई पहिल्या बाकावर बसून ओडीलच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. त्या दिवशी ओडीलनं ठरवलं, की ज्यांची आयुष्यं या खोलीत ठरतात त्यांनी या खुर्चीवरच्या बाईला हसताना कधी पाहता कामा नये. ते व्रत तिनं पाळलं. चोऱ्या, दरोडे, अफूच्या गोळ्या, कंपन्यांची भांडणं, सगळ्यातून ती चेहऱ्याची एक रेष न हलवता गेली.

मग लीलंड स्प्रेगचा भोंगा तिच्यापुढे आला.

लीलंड स्प्रेग चौऱ्याहत्तर वर्षांचा, स्प्रूस फॉल्स गावच्या शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेला. आयुष्यभर त्याला दोनच नाद, ट्यूबा हे अवजड पितळी वाद्य आणि मूस. मूस म्हणजे त्या जंगलातला सांबराच्या जातीचा प्राणी, पण घोड्याहून उंच आणि डोक्यावर फावड्यांसारखी शिंगं. शरद ऋतूत नर मादीच्या शोधात असतात, तेव्हा शिकारी आणि फोटोवाले मादीचा आवाज काढून त्यांना बोलावतात. लीलंडनं त्यासाठी बर्चच्या झाडाच्या सालीचा एक भोंगा बनवला होता, आत चामड्याची पत्ती बसवलेला, आणि त्याचं पेटंट घेतलं होतं. तीन वर्षांनी एका मोठ्या कंपनीनं तसाच दिसणारा प्लास्टिकचा भोंगा बाजारात आणला. लीलंडनं दावा लावला. पेटंटचं भांडण केंद्रीय न्यायालयातच चालतं, म्हणून ते ओडीलकडे आलं, समोर आठ माणसांची ज्युरी.

कंपनीनं बोस्टनहून प्रेस्कॉट विन्शिप नावाचा वकील आणला होता. उंच, चांदीसारखे केस, आवाज असा की जेवणाची यादी वाचली तरी कायदा वाटावा. लीलंडकडून होती मार्नी डूसेट, एरवी जमिनीचे आणि मृत्युपत्रांचे कागद करणारी गावातलीच वकीलबाई. विन्शिपचा मुद्दा सरळ होता. जी वस्तू सांगितलेलं काम करतच नाही तिला पेटंट मिळूच शकत नाही. आणि हा भोंगा मूसला बोलावत नाही, तो नुसता गोंगाट करतो. तसं त्याच्या ध्वनितज्ज्ञानं आलेख दाखवून दीड दिवस सांगितलं. ज्युरीतला एक लाकूडट्रकवाला त्या दीड दिवसात दोनदा झोपला.

कोर्ट पोस्टाच्या वरच्या मजल्यावर होतं. त्या इमारतीतला बॉयलर एक ऑक्टोबरला सुरू होई आणि मग बाहेर कशीही हवा असो, बंद होत नसे. त्या आठवड्यात उन्हं छान पडली होती. आत भट्टी झाली होती. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी बेंच क्लार्क आर्डिथ नोल्टननं तिन्ही मोठ्या खिडक्या उघडल्या.

लीलंड साक्षीला बसला. विन्शिपनं त्याला तासभर घोळवलं आणि मग भोंगा त्याच्यापुढे ठेवला.

"एवढी खात्री आहे ना तुम्हाला? मग वाजवून दाखवा की."

मार्नी अर्धी उठली, काय करावं ते न कळून तशीच राहिली. ओडीलनं विन्शिपला विचारलं, की विनंती विचार करून करताय ना. विन्शिप म्हणाला, पूर्ण विचार करून. ज्युरीला स्वतःच्या कानांनी ऐकू दे.

लीलंडनं ओठ पुसले, भोंगा उचलला आणि वाजवला. तो आवाज सांगणं कठीण आहे. दार करकरावं, गाय हंबरावी आणि कुणीतरी बारा वर्षं नवऱ्याची वाट पाहून शेवटी रडावं, हे सगळं एकदम. ध्वनितज्ज्ञानं कानावर हात ठेवले. ओडीलनं ग्रीन माउंटनपर्यंत मोजलं आणि तिथेच थांबवता आलं याचं तिला समाधान वाटलं.

काहीच झालं नाही. विन्शिप ज्युरीकडे वळून मंद हसला.

"कुठे आहे मूस, मिस्टर स्प्रेग?"

"थांबावं लागतं साहेब," लीलंड म्हणाला. "त्यालाही चालतच यायचंय."

विन्शिपनं ते उत्तर हवेत तसंच लोंबकळू दिलं आणि पुढचे प्रश्न काढले. अकरा मिनिटं गेली. तो चामड्याच्या पत्तीच्या जाडीविषयी काहीतरी विचारत होता, तेव्हा खिडकीतून आवाज आला. खोल, ओला, जवळून. "आँक्."

विन्शिप थबकला. लीलंडनं डोळे मिटले. पुन्हा एकदा, अजून जवळून, "आँक्." आणि फांद्या मोडल्याचा आवाज.

दाराशी कोर्टाचा सुरक्षारक्षक हॉरिस बीन उभा होता. पूर्वी शेरीफच्या हाताखाली होता, बोलण्याला फार जपून. ओडीलनं त्याला खिडकीतून काय दिसतंय ते बघायला सांगितलं.

"मूस आहे, जजबाई," हॉरिस म्हणाला. "नर. चांगलाच मोठा."

"काय करतोय?"

हॉरिसनं नीट पाहिलं, कारण तो शपथेवर नसला तरी कोर्टात खोटं बोलणारा माणूस नव्हता. "एक तपकिरी गाडी उभी आहे. तिच्या टपावर हनुवटी टेकवून उभा आहे." मग थोडं थांबून, "प्रेमानं."

ज्युरीतल्या कुणाच्या तरी नाकातून एक बारीक आवाज निघाला. ओडीलच्या मनात बटाटे सुरू झाले. केटाडिन. केनेबेक. गाडी कुणाची, असं तिनं विचारायला नको होतं, पण कोणाच्या जिवाला धोका नको म्हणून विचारावं तर लागणारच होतं. विन्शिपनं खिडकीकडे पाहिलं, खिशातली किल्ली काढून तिच्याकडे पाहिलं. मेन राज्यात आल्यावर विमानतळावर त्यानं भाड्यानं घेतलेली गाडी होती ती. तो ताठ उभा राहिला.

"आक्षेप आहे, युवर ऑनर."

"कशाला?"

विन्शिप तीस वर्षं वकिली करत होता आणि आक्षेप घेतल्यावर कारण सुचलं नाही असं त्याच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. त्याचे ओठ हलले. शेवटी तो म्हणाला, "त्याला शपथ दिलेली नाही."

ग्रीन माउंटन, ओडील म्हणाली. आणि ते ती मोठ्यानं म्हणाली. मग तिला कॉबलर आठवेना. तिनं तोंडावर झग्याची बाही धरली, पण बावीस वर्षांचं हसू बाहीनं थोडंच अडणार. आधी खांदे हलले, मग डोकं मेजावर गेलं, मग मेजाखालून अशी काही किंकाळी आली की हॉरिसचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. ती वर आली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोलायला म्हणून तिनं हात वर केला, "ज्युरीनं–" एवढं म्हणाली आणि बाहेरून पुन्हा "आँक्" आलं, की परत मेजाखाली. मग ट्रकवाल्याला हसू फुटलं, मग सगळ्या ज्युरीला, मग आर्डिथला. मार्नी टेबलाला धरून उभी होती. ध्वनितज्ज्ञसुद्धा हसत होता. विन्शिप हसत नव्हता. लीलंडही नाही, तो साक्षीदाराची जागा सोडून खिडकीशी गेला होता, भोंगा छातीशी धरून खाली पाहत होता आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा बाळ पाहणाऱ्या माणसासारखा झाला होता. लघुलेखक वेन्डेल कर्तव्याला पक्का. त्यानं कागदावर टिपलं: न्यायाधीश हसतात, चार मिनिटं.

ओडीलनं नाक शिंकरलं, पाणी प्यायलं, साक्षीदाराला जागेवर बसायला सांगितलं. तेवढ्यात मार्नी डूसेटला तिच्या आयुष्यातली सर्वांत चांगली कल्पना सुचली. ती म्हणाली, प्रयोग विन्शिपसाहेबांनीच मागितलाय आणि श्रोता अजून हजर आहे, तर कंपनीचा भोंगाही वाजवून होऊ दे. विन्शिपनं विरोध केला. ओडीलनं तो फेटाळला. ध्वनितज्ज्ञानं प्लास्टिकचा भोंगा खिडकीशी नेऊन जिवाच्या करारानं फुंकला.

हॉरिसनं पुढची हकिगत सांगितली, कारण ती नोंदीत यायला हवी होती. मूसनं हनुवटी उचलली. खिडकीकडे पाहिलं. गाडीच्या मागच्या चाकावर आपलं मत नोंदवलं, बराच वेळ. मग वळला आणि स्प्रूसच्या झाडांत निघून गेला.

दुपारी विन्शिपनं अर्ज दिला, की खटला रद्द करून नव्या ज्युरीपुढे पहिल्यापासून चालवावा. मूसबद्दल त्याची तक्रार नव्हती. मूस त्यानं स्वतःच ओढवून घेतला होता. तक्रार जजबाईंच्या हसण्याबद्दल होती. न्यायाधीश ज्या पक्षाला हसतो तो पक्ष ज्युरीच्या नजरेत संपला, असं त्यानं लिहिलं होतं, आणि सभ्य भाषेत लिहिलं होतं.

ओडील आपल्या खोलीत झगा काढून बसली. आर्डिथनं टूनाचं सँडविच आणून पुढे ठेवलं. ओडीलनं त्याला हात लावला नाही.

"तो बरोबर बोलतोय गं."

"भाड्याची गाडी आहे म्हणून जास्त चिडलाय," आर्डिथ म्हणाली.

"तरी बरोबर बोलतोय. त्याच्या अशिलाला मी हसले असेन तर सगळा खटला बाद. तीन दिवस, आठ माणसं, त्या म्हाताऱ्याचं सगळं."

"तुम्ही कुणाला हसलात?"

ओडीलनं विचार केला. तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्या अंगात अजून गुदगुल्या भरलेल्या होत्या, हात हलके झाले होते, चालताना जमिनीला पाय नीट लागत नव्हते, आणि त्याच वेळी तिला लाजेनं मेल्यासारखं होत होतं. ही दोन्ही एका अंगात मावतात हे तिला सात वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. तिनं ठरवलं, आपल्या हसण्याचा निकाल आपण आपल्या मनातून द्यायचा नाही. ज्यांनी ते पाहिलं त्यांना विचारायचं.

तिनं एकेका ज्युरी सदस्याला दोन्ही वकिलांसमोर आत बोलावलं. विचारलं, मी हसले त्यावरून माझं मत कुणाकडे आहे असं तुम्हाला वाटलं, आणि माझं हसणं बाजूला ठेवून निर्णय देता येईल का. दंतवैद्याकडे काम करणारी एक बाई म्हणाली, मला वाटलं तुम्हाला झटका आला. दुसरा म्हणाला, मी स्वतःच हसत होतो, तुमच्याकडे कोण बघतंय. एक निवृत्त नन होती. ती म्हणाली की मी मूससाठी प्रार्थना करत होते, आणि थोडी गाडीसाठी. ट्रकवाला शेवटी आला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "खरं सांगू का जजबाई, तीन दिवस आम्ही सगळे तुम्हाला टरकून होतो. वाटायचं, चुकीचा निकाल दिला तर ही बाई आपल्यालाच आत टाकेल. आता तशी भीती नाही. आता जे वाटतं ते सांगू."

विन्शिप खाली कागदाकडे पाहत होता. ओडीलला वाटलं त्याच्या ओठाचा कोपरा हलला. पण तसं ती कधीच शपथेवर सांगू शकली नसती.

तिनं अर्ज फेटाळला. ज्युरीला सांगितलं, की मी माणूस आहे आणि मला हसू आलं, ते कोणत्याही पक्षाबद्दल नव्हतं, आणि तुमचं काम पुराव्याकडे पाहण्याचं आहे, माझ्याकडे नाही. मूस का आला हे कोणालाच विचारता येणार नाही, तेव्हा त्याला किती महत्त्व द्यायचं ते तुम्ही ठरवा.

ज्युरीनं पाच तास घेतले. निकाल दोन भागांत आला. पहिला: लीलंडचा भोंगा सांगितलेलं काम करतो, पेटंट खरं. दुसरा: कंपनीनं त्याची नक्कल केलेली नाही, कारण कंपनीचा भोंगा ते काम करत नाही. मार्नीचा चेहरा पडला. विन्शिप जिंकला होता, फक्त त्याच्या अशिलानं आता तो भोंगा विकायचा कसा हा प्रश्न होता. आणि लीलंड उठून उभा राहिला, ज्युरीकडे वळला आणि कमरेत वाकून त्यानं नमस्कार केला, बँडचा कार्यक्रम संपल्यावर करावा तसा. मार्नीनं नंतर त्याला विचारलं, अपील करायचं का. तो म्हणाला, कशाला? भोंगा खरा आहे असं केंद्रीय न्यायालयानं लिहून दिलंय.

त्याच संध्याकाळी ओडीलनं वरिष्ठ न्यायाधीशांना पत्र लिहिलं. आपण चालू खटल्यात चार मिनिटं हसलो, नोंद सोबत जोडली आहे, योग्य ती कारवाई व्हावी. उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत तिचं वजन उतरलं. जेरार्ड रोज पत्रपेटी उघडून रिकामी आहे हे खिडकीतूनच हातानं सांगायचा. शेवटी आलं. दोन ओळी. तुमची तक्रार वाचली, कारवाईची गरज नाही. खाली शाईनं हातानं लिहिलेलं: इथल्या बारा न्यायाधीशांनी नोंदीची प्रत मागितली आहे, जरा स्वच्छ छापून पाठवता का, आमची फार हाताळून फाटली.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, नव्या नागरिकांना नागरिकत्वाची शपथ द्यायची होती. एकोणचाळीस माणसं आली होती, चांगले कपडे घालून, पोरंबाळं घेऊन. तिसऱ्या रांगेत आन्सेल्म काबोंगो नावाचा एक वेल्डर होता, फ्रेंच बोलणाऱ्या काँगोतून आलेला, दारातून वाकून यावं लागेल इतका उंच. ओडील शपथ एकेका तुकड्यानं वाचत होती आणि सगळे तिच्यामागून म्हणत होते. परक्या राजांवरची, राजपुत्रांवरची आणि सत्ताधीशांवरची निष्ठा मी सोडतो, असं म्हणायची वेळ आली आणि आन्सेल्म 'राजपुत्रां–' पाशी अडकला. त्याचे खांदे हलायला लागले. त्यानं ओठ चावले, छताकडे पाहिलं. शेजारच्या बायकोनं त्याला कोपर मारलं. मग त्याच्या घशातून एक हुंकार निघाला आणि सगळ्या सभागृहानं त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याला वाटलं, संपलं सगळं. नऊ वर्षं वाट पाहिली, आणि आता ह्या बाई आपल्याला बाहेर काढणार.

ओडीलनं कागद खाली ठेवला. ती न्यायासनावरून उतरली, झगा एका हातानं उचलून तीन पायऱ्या खाली आली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या छातीपर्यंत येत होतं. लहानपणी तिच्या घरी फ्रेंच बोलत, शाळेत मात्र ती भाषा बोललं की हातावर पट्टी बसे. कोर्टात तर ती भाषा तिनं कधीच तोंडातून काढली नव्हती. आता ती त्याच्याशी फ्रेंचमध्ये बोलली.

"काय झालं?"

"माफ करा बाईसाहेब," आन्सेल्म कुजबुजला. "माझ्याकडे कधी राजपुत्र नव्हताच. सोडू कुठून?"

"माझ्याकडेही नाही," ओडील म्हणाली. "तरी दर महिन्याला मी लोकांना तो सोडायला लावते."

मग दोघांचाही बांध फुटला. ती त्याच्या बाहीला धरून हसत होती, तो तिच्या डोक्यावरून छताकडे पाहून हसत होता, बायको दोघांना कोपरं मारत होती. ज्यांना फ्रेंच येत नव्हतं तेही हसायला लागले, आणि कुणाचं तरी तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. आर्डिथ घड्याळ पाहत होती, कारण दुपारी दोनला पुढचं काम होतं.

ओडीलनं श्वास घेतला, त्याच्या शेजारीच उभं राहून शपथ पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केली, आणि या वेळी एकोणचाळीस जणांनी राजपुत्रांना एका दमात सोडून दिलं.